‘भ्रमनिरूपण’, प्रचीती आणि आशंका : चित्तविकृतीवरील बोधनिक उपचाराचा एक मराठी विचार

१

चित्तविकृतीने ग्रासलेल्या माणसाशी त्याच्या भ्रमाविषयी बोलावे की बोलू नये, हा मानसोपचारशास्त्रातील जुना प्रश्न आहे. युक्तिवादाने न ढळणारी समजूत म्हणजे भ्रम, अशी भ्रमाची रूढ व्याख्या. ती स्वीकारली की भ्रमासंबंधी संभाषण करणे व्यर्थ, हे अनुमान आपोआपच निघते. रुग्णाला औषध द्यावे आणि भ्रमाचा विषय टाळावा, अशीच पुष्कळ काळ वहिवाट होती. या वहिवाटीला छेद देणारा एक वृत्तान्त अॅरन बेक यांनी १९५२ साली प्रसिद्ध केला. दीर्घकाळ भ्रमग्रस्त असलेल्या एका रुग्णावर संभाषणाच्या मार्गाने केलेल्या उपचाराचा तो वृत्तान्त होता. पुढे बेक यांचे नाव मुख्यतः विषण्णतेवरील उपचाराशी जोडले गेले. चित्तविकृतीकडे ही पद्धती खऱ्या अर्थाने वळली ती १९९० नंतर, इंग्लंडमध्ये. किंग्डन, टर्किंग्टन, चॅडविक, बर्चवुड प्रभृतींनी तिला आकार दिला. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी २०१४ साली निघालेल्या मार्गदर्शिकेत छिन्नमनस्कतेच्या रुग्णाला औषधांच्या जोडीने निदान १६ बैठकांचा बोधनिक वर्तनोपचार द्यावा, अशी शिफारस आहे.

या उपचाराचे द्रव्य भाषा हे आहे. गोळी पुण्यातून वेल्ह्यास नेली तरी तिचा गुणधर्म पालटत नाही. संभाषणाचे तसे नाही. ‘तुमच्या समजुतीस पुरावा काय?’ हा प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणला की त्याचा सूर पालटतो. तो विचारणारा माणूस फौजदार वाटू लागतो किंवा वकील. म्हणून हा उपचार मराठीत आणणे हे भाषांतराचे काम नव्हे. भ्रम, अनुभव, संशय आणि खात्री यांविषयी मराठी भाषेत आधीपासून काय साठलेले आहे, याची चिकित्सा प्रथम झाली पाहिजे. प्रस्तुत लेखात ती चिकित्सा दोन अंगांनी करण्याचा हेतू आहे : एक, ‘दासबोधा’तील दहाव्या दशकाच्या आधारे, दुसरे, भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांत जी बोलभाषा रुग्ण व त्याचे कुटुंब वापरते तिच्या आधारे. (वेल्हे तालुक्याचे आता राजगड असे नामांतर झाले आहे, येथे परिचित नावच ठेवले आहे.) या दोन अंगांचा परस्परसंबंध केवळ कल्पनेचा नाही. भोरहून महाडकडे जाणारा रस्ता वरंधा घाटाने खाली उतरतो. त्या घाटाच्या पायथ्याकडील खोऱ्यात शिवथरघळ आहे. ‘दासबोधा’ची रचना तेथे झाली, असे परंपरा मानते. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० साली ही घळ शोधून काढली. तेव्हा ज्या मुलखाच्या बोलीचा आपण विचार करणार, त्याच्याच उंबरठ्यावर या ग्रंथाची स्मृती नांदते आहे.

एक इशारा आरंभीच देणे अवश्य आहे. ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ हा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. रामदासांना छिन्नमनस्कतेवर उपचार करावयाचा नव्हता. त्यांना मोक्षमार्ग सांगावयाचा होता. तरी एखाद्या भाषेतील श्रेष्ठ ग्रंथ त्या भाषिकांच्या विचार करण्याच्या सवयी घडवितो, आणि त्या सवयी रुग्णाबरोबर उपचारकाच्या खोलीत येतात. आपला प्रश्न तेवढ्यापुरताच आहे.

२

दहाव्या दशकातील सहाव्या समासाचे नाव ‘भ्रमनिरूपण’. त्याची रचना लक्षणीय आहे. भ्रमाची व्याख्या देऊन समर्थ थांबत नाहीत. ते भ्रमाच्या प्रसंगांची एक लांबलचक यादी करतात आणि ओवीमागून ओवीत त्या त्या प्रसंगाला भ्रम हे नाव देतात. ठेवलेली वस्तू कोठे ठेवली ते विसरणे, चालता चालता वाट चुकणे, मोठ्या शहरात भांबावून जाणे, वस्तू जवळ असताना ती हरवली म्हणून कासावीस होणे, स्वप्नातल्या दुःखाने जागेपणी घाबरणे, अपशकुनाने किंवा खोट्या वार्तेने मन खचणे, झाडाचे खोड पाहून भूत आले असे वाटणे, अमली द्रव्य घेतल्याने नाही ते दिसू लागणे, हे सारे एकाच पंक्तीला बसविलेले आहे.

या पंक्तिप्रपंचातच समासाचे मोठेपण आहे. भूत पाहणारा माणूस येथे वेगळा काढलेला नाही. किल्ली हरवलेल्या गृहस्थाच्या आणि वाट चुकलेल्या प्रवाशाच्या शेजारी त्याला जागा मिळाली आहे. किंग्डन आणि टर्किंग्टन यांनी १९९१ साली आपल्या पद्धतीचा जो पाया सांगितला, तो याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : भास आणि भ्रम ही सर्वसाधारण मनुष्यस्वभावाबाहेरची विचित्र गोष्ट नव्हे. झोप न मिळालेला, एकाकी कोंडलेला, शोकाने ग्रासलेला, तापाने फणफणलेला कोणीही माणूस त्या वाटेवर काही पावले चालतो. रुग्ण पुष्कळ पुढे गेला आहे, पण वाट तीच आहे. हे रुग्णाला सांगणे हा उपचाराचा प्रारंभ. कारण ‘मी माणसांतून उठलो’ ही भीती मूळ विकाराइतकीच माणसाला पोखरते.

आता समासाची दुसरी बाजू. ओवीगणिक नाव कोण ठेवतो? वक्ता. ज्याला भ्रम झाला त्याचे म्हणणे आपल्याला कोठेच ऐकू येत नाही. त्याला खोडात भूत का दिसले, त्या रात्री तो कोठून येत होता, त्याच्या घरी काय घडले होते, हे समासाच्या कक्षेत येत नाही. येण्याचे कारणही नाही. पुढे समासाचा रोख विस्तारतो. किल्ली आणि भूत यांच्यापासून निघालेला विचार सगळ्या दृश्य जगालाच भ्रमाच्या सदरात घालतो. अद्वैताच्या दृष्टीने ते सुसंगत आहे; रुग्णाच्या दृष्टीने मात्र त्यात धोका आहे. ज्याच्या पायाखालची जमीन आधीच हलते आहे, त्याला ‘जमीनही मिथ्याच’ असे सांगून आधार मिळत नाही. म्हणून उपचारकाने या समासातून यादी घ्यावी, निवाडा घेऊ नये, असे आमचे मत आहे.

मराठी मानसशास्त्राच्या परिभाषेने नेमके याच्या उलट केले. पाठ्यपुस्तकांत भ्रम, विभ्रम आणि संभ्रम असे एकाच धातूपासून निघालेले शब्द वेगवेगळ्या विकारलक्षणांना वाटून दिलेले आढळतात. विद्यार्थी ते पाठ करतो आणि रुग्णासमोर उच्चारतो. रुग्णाच्या कानी त्यांतून एकच अर्थ पोचतो : तुझे खोटे आहे. परिभाषेने निवाडा घेतला आणि यादी टाकून दिली.

३

त्याच दशकातील आठव्या समासाचा विषय प्रचीती हा आहे. येथे समर्थांचा व्यवहारी बाणा पूर्णपणे प्रकट होतो. रत्ने आणि नाणी पारखून घ्यावीत. घोडा आणि शस्त्र आजमावून पाहावे. उगवेल अशी खात्री करून मगच बियाण्याला पैसे घालावेत. ज्या मात्रेने लोकांना गुण आला तीच घ्यावी. अनुमानाने केलेले काम हे मूर्खपण, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. बोधनिक उपचारात ‘वर्तनप्रयोग’ नावाची जी पायरी असते तिला मराठीत याहून चांगला शब्द मिळणे कठीण : प्रचीती पाहणे. मावळातल्या शेतकऱ्याला प्रयोग हा शब्द शाळेतला वाटेल. बियाणे आधी थोडे उगवून पाहणे मात्र त्याच्या हाडीमांसी खिळलेले आहे.

परंतु या ठिकाणी एक खरी अडचण उभी राहते आणि तिला बगल देऊन चालणार नाही. प्रचीती हा शब्द रुग्णाच्याच बाजूने साक्ष देईल, अशी ती अडचण आहे. त्याला आवाज ऐकू येतो. तो अनुमान करीत नाही, ऐकतो. ‘माझ्या कानांनी ऐकले’ याहून मोठी प्रचीती कोणती? विवेकाचा आग्रह धरणारा उपचारक आणि अनुभवाचा आग्रह धरणारा रुग्ण यांच्यात समर्थांचे वचन रुग्णाच्या पारड्यात पडण्याचा संभव अधिक.

उत्तर समासातल्या उदाहरणांतच दडलेले आहे. तेथील एकही उदाहरण केवळ अनुभवाचे नाही. प्रत्येक पारखीचे आहे. नाणे हातात आले हा अनुभव. ते वाजवून पाहिले ही पारख. आवाज आला हा अनुभव निर्विवाद आहे आणि उपचारकाने तो निर्विवाद म्हणून मान्य केलाच पाहिजे. तो आवाज जे सांगतो ते खरे ठरते का, हे मात्र वाजवून पाहता येते. मराठी अध्यात्मविचारात शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती अशी जी त्रयी सांगतात, तिच्यातही हेच तत्त्व आहे. एकट्याची खात्री पुरेशी नसते. तिला दुसऱ्या दोन खात्र्यांचा मेळ लागतो.

४

आता भोर-वेल्ह्याकडे वळू. राजगड, तोरणा, रायरेश्वर यांच्या कुशीतील हा मुलूख पावसाचा, भातशेतीचा आणि विखुरलेल्या वाड्यांचा आहे. येथे कुटुंबातील माणूस एकाएकी बोलेनासा झाला किंवा एकटाच बोलू लागला, तर घरचे ‘चित्तविकृती’ म्हणत नाहीत. ‘बाहेरचे आहे’, ‘लागले आहे’, ‘करणी आहे’, ‘वारे आहे’ असे म्हणतात. रानात वाट चुकली तर ‘चकवा लागला’ म्हणतात. देवऋषीकडे जातात, देवीला कौल लावतात. भोरच्या दक्षिणेस वाई तालुक्याच्या हद्दीत मांढरदेवीची काळूबाई आहे, तिच्याकडे जातात. डॉक्टरांकडे न्यावयाचे ठरले तर ‘डोक्यावर परिणाम झाला’ असा शब्द निघतो आणि त्यापुढचा शब्द बहुधा येरवडा असतो. त्या एका गावनावात रुग्णालय आणि कलंक दोन्ही येतात.

सुशिक्षित वाचक ही सारी भाषा अंधश्रद्धेच्या सदरात टाकण्यास उत्सुक असतो. उपचाराच्या दृष्टीने तीत दोन गोष्टी मोलाच्या आहेत. पहिली अशी की, ‘लागणे’ हे माणसाच्या बाहेरून होते आणि उतरू शकते. ‘वेडा’ हे विशेषण माणसाला कायमचे चिकटते. ‘लागले आहे’ हे क्रियापद त्याला मोकळा होण्याची शक्यता ठेवते. दुसरी गोष्ट व्याकरणातली आहे. मराठीत ‘मला वाटते’, ‘मला ऐकू येते’, ‘माझ्या मनात आले’, ‘माझ्या अंगात आले’ या चारही वाक्यांत माणूस कर्ता नाही. विचार, आवाज आणि दैवत ही तिन्ही त्याच्याकडे येतात. याचा उपचारकाला फार मोठा उपयोग आहे. ‘तो आवाज म्हणजे तुमचाच विचार आहे’ हे वाक्य आरोपासारखे लागते. ‘विचारही असेच न बोलावता येतात, नाही का?’ हे वाक्य आरोप करीत नाही आणि तरी आवाज व विचार यांमधील भिंत किंचित सैल करते.

मात्र ‘वाटणे’ या क्रियापदाचा एक दोषही ध्यानात घ्यावा लागतो. ‘मला वाटते तो मला मारील’ आणि ‘मला वाईट वाटते’ या दोन वाक्यांत विचार आणि भावना यांना मराठीने एकच क्रियापद दिले आहे. बोधनिक उपचाराची पहिली पायरी तर या दोहोंना वेगळे करण्याची असते. ‘तुम्हांला काय वाटते?’ असा प्रश्न विचारून उपचारक स्वतःच गोंधळ माजवितो. बोलीत उपाय आहे : ‘मनात काय आलं?’ आणि ‘जिवाला काय झालं?’ हे दोन प्रश्न कोणत्याही वाडीत कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. याउलट ‘म्हणे’ या अव्ययापासून सावध राहावे. ‘चुलता करणी करतो म्हणे’ असे उपचारकाच्या तोंडून गेले, तर त्यातला अविश्वास रुग्णाला तत्काळ जाणवतो.

५

एक कल्पित उदाहरण घेऊ. पानशेतच्या पाणलोटापलीकडच्या वाडीतील एका तरुणाची खात्री आहे की, बांधाच्या वादातून चुलत्याने त्याच्यावर करणी केली. रात्री चुलत्याचा आवाज येतो आणि ‘घराबाहेर पडू नको, पडलास तर मरशील’ असे बजावतो. त्यामुळे तो शेतावर जात नाही.

विवेकनिष्ठ पद्धतीने शिकलेला उपचारक येथे करणीवर घाव घालील. अल्बर्ट एलिस यांची ही पद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजविली आणि अनेकांना तिचा लाभ झाला, हे निर्विवाद आहे. अविवेकी समजुतीचे खंडन हे तिचे मुख्य शस्त्र. चिंता किंवा न्यूनगंड यांवर ते चालते. कारण तेथे रुग्ण आणि उपचारक एकाच जगात उभे असतात. या तरुणाच्या बाबतीत पहिल्याच बैठकीत करणीचे खंडन केले तर उपचारक चुलत्याच्या पक्षाला मिळाला असा अर्थ होईल, आणि दुसरी बैठक होणार नाही.

बर्चवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. आज्ञा करणारे आवाज ऐकू येणाऱ्या १९७ रुग्णांवर त्यांनी केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. आवाज आहे की नाही, हा वाद त्यांनी घातला नाही. त्या आवाजाची सत्ता किती, एवढेच तपासले. आवाजाने सांगितलेले न केल्यास खरोखर काय होते? नेहमीच्या उपचारावरील रुग्णांपैकी ४६ टक्के रुग्ण नंतरही आवाजाच्या घातक आज्ञा पाळत राहिले. या उपचाराच्या गटात ते प्रमाण २८ टक्के होते. आवाज थांबले नाहीत, पण त्यांची हुकमत घटली.

आपल्या तरुणाच्या बाबतीत याचा अर्थ असा : चुलता, करणी, बांध यांना हात न लावता आवाजाचे बोल पारखून पाहावयाचे. आवाज म्हणाला उंबरठा ओलांडू नको, भावाला बरोबर घेऊन अंगणापर्यंत गेलो, काय झाले? दुसऱ्या दिवशी गोठ्यापर्यंत. पुढच्या आठवड्यात बांधापर्यंत. हीच नाणे वाजवून पाहण्याची रीत. आवाज स्वतःस किंवा दुसऱ्यास इजा करावयास सांगत असेल, तर मात्र असल्या पायऱ्यांची वाट न पाहता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात हलविणे हेच कर्तव्य ठरते.

आवाज कोणाचा असतो, हेही भूमीप्रमाणे पालटते. तान्या लुर्मन व सहकाऱ्यांनी सॅन मॅटिओ, आक्रा आणि चेन्नई येथील प्रत्येकी २० रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा लेख २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील रुग्णांना आवाज हे परक्याचे हिंसक आक्रमण वाटे. चेन्नईतील पुष्कळांना ते नातलगांचे, घरकामाच्या सूचना देणारे, रागावणारे वाटत. जेथे आवाज चुलत्याचा किंवा सासूचा असतो, तेथे त्याच्याशी नाते आधीच ठरलेले असते. वडीलधाऱ्याचे ऐकून घ्यावे पण प्रत्येक गोष्ट मानावीच असे नाही, ही युक्ती मराठी घरात कोणाला शिकवावी लागत नाही. तीच आवाजाला लावता येते.

६

येथे ‘दासबोधा’च्या एका रचनाविशेषाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण आमच्या विवेचनाचा निष्कर्ष त्यावरच आधारलेला आहे. हा ग्रंथ गुरुशिष्यांचा संवाद आहे. श्रोता आशंका घेतो, वक्ता तिचे निरसन करतो. दहाव्या दशकातील दुसऱ्या व तिसऱ्या समासांची तर नावेच आशंकेवरून पडली आहेत. आपली समजूत अशी की, उपचारक म्हणजे वक्ता आणि रुग्ण म्हणजे श्रोता. पुण्याच्या दवाखान्यात आलेले कुटुंबही तीच अपेक्षा घेऊन येते : डॉक्टरसाहेबांनी सांगावे, आम्ही ऐकावे. चित्तविकृतीवरील बोधनिक उपचार ही मांडणी उलटी करतो. तेथे रुग्ण वक्ता असतो. त्याच्या अनुभवाचे निरूपण तो एकटाच करू शकतो. उपचारक श्रोता असतो, आणि श्रोत्याचा अधिकार एकच : आशंका घेण्याचा. आशंका म्हणजे खंडन नव्हे. ती घेणारा बैठक सोडून जात नाही. निरूपण पुढे चालावे अशीच त्याची इच्छा असते. ‘हे समजले, पण एक आशंका आहे’ हा सूर ज्या उपचारकाला साधला, त्याला या पद्धतीचे मर्म साधले. ‘दासबोधा’तून घ्यावयाचा तो वक्त्याचा स्वर नव्हे, श्रोत्याचा घ्यावयाचा आहे.

देवीच्या दाराशीही हाच विवेक ठेवावा. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, चटके देणे हे गुन्हे ठरविले. नवस बोलण्यास वा दर्शनास मनाई केली नाही. उपचारकानेही ही रेषा ओलांडू नये. मारहाणीला आणि औषध बंद करण्याला विरोध निःसंदिग्ध असावा. काळूबाईच्या वारीला असण्याचे कारण नाही.

मर्यादा सांगितल्यावाचून हे विवेचन एकांगी होईल. या उपचाराचे सामर्थ्य माफक आहे. २०१४ साली जौहर व सहकाऱ्यांनी उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा लक्षणांवरील परिणाम लहानच दिसला, आणि अधिक काटेकोर चाचण्यांत तो आणखी लहान झाला. तो औषधाची जागा घेत नाही. शिवाय १६ बैठका म्हणजे डोंगरी वाडीतील रुग्णासाठी आणि त्याच्या सोबत्यासाठी १६ दिवसांची मजुरी, १६ वेळा एस.टी.ची वाट. गोवा, सातारा व तामिळनाडू येथे २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थानिक, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन केलेल्या साहाय्याने लक्षणे व अपंगत्व काहीसे घटले. ते साहाय्य बोधनिक उपचाराचे नव्हते आणि त्याचा गुण मुख्यतः तामिळनाडूत दिसला, ही गोष्टही लक्षात ठेवावी. तरी त्यातून एवढे सूचित होते की, उपचाराने रुग्णाच्या दारी जाणे हे आपल्याकडे शक्य कोटीतले आहे.

असा कार्यकर्ता भोर-वेल्ह्याच्या वाडीत गेला तर तो कोणत्या शब्दांनी बोलेल, हा प्रश्न मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकाच मराठीच्या विद्यार्थ्याचाही आहे. ‘लागणे’, ‘चकवा’, ‘भास’, ‘संशय’, ‘वारे’ या शब्दांचे अर्थ वाडीवाडीत जाऊन, वक्त्याच्या संदर्भासह टिपण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. परिभाषाकोश त्यानंतर व्हावा. आज क्रम उलटा आहे : नाव आधी ठरते आणि माणसाचे म्हणणे मागाहून ऐकले जाते. पुष्कळदा ते ऐकायचे राहूनच जाते.